पुण्याहून ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क: परवाना, तंबू आणि आठ दिवसांचं गणित

सह्याद्रीतल्या मुक्कामाचा बेत शुक्रवारी संध्याकाळी ठरतो, रात्री स्वारगेटहून निघता येतं आणि रविवारी दुपारी घरी परत. हिमालयातल्या राष्ट्रीय उद्यानाला ही सवय चालत नाही. तिथे आधी परवान्याचा दिवस ठरतो, मग कुठल्या उंचीवर किती रात्री झोपायचं ते ठरतं आणि त्यावरून पुण्यातून निघायची तारीख मागे मागे मोजत यायची. बहुतेक बेत फसतात ते उलट दिशेने आखल्यामुळे: स्वस्त विमान सापडलं म्हणून तिकीट काढलं आणि बाकीचं त्यात कोंबलं.

चांदोली राष्ट्रीय उद्यान जवळ आहे हे खरं. पण स्वतःचा तंबू पाठीवर घेऊन जंगलात चार रात्री काढायची सोय तिथे नाही. ती सोय परवान्यासह मिळते अशा ठिकाणांत कुल्लू जिल्ह्यातलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क पहिल्या खेपेसाठी सर्वांत योग्य. उद्यानाचं क्षेत्र ७५४.४ चौरस किलोमीटर. १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून अधिसूचना निघाली, २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. आत गाडीरस्ता नाही, दुकान नाही, ढाबा नाही. जे लागेल ते पाठीवर.

उद्यानात शिरायच्या वाटा तीर्थन आणि सैंज या दोन खोऱ्यांतून जास्त वापरात आहेत. इथे तीर्थनची वाट धरली आहे: गुशैणी, रोला, शिल्ट, आणि जमलं तर राखुंडीचा माथा. गुशैणी सुमारे १,६०० मीटरवर, रोला २,१०० च्या आसपास, शिल्ट ३,१०० आणि राखुंडी ३,६०० मीटरच्या जवळ. नदीच्या उगमापर्यंत, म्हणजे तीर्थपर्यंत जाणारी वाटही आहे, पण तिला जवळपास आठवडा आत काढावा लागतो. ती दुसऱ्या खेपेला.

तारीख

दोनच हंगाम आहेत. एप्रिलअखेर ते जूनचा मध्य, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. जुलै-ऑगस्टचा विचारही नको. आपल्याकडे पावसात डोंगर चढणं हा आनंदाचा भाग असतो, कारण बेसाल्टचा कडा सहसा जागा सोडत नाही. कुल्लू-मंडीकडचे उतार तरुण आणि भुसभुशीत. पावसात दरडी रस्त्यावर येतात. २०२३ च्या जुलैत बियास नदीने मनाली महामार्गाचे तुकडेच वाहून नेले होते.

मे महिन्यात दऱ्या हिरव्या असतात आणि ऱ्होडोडेंड्रॉन, तिथल्या बोलीत बुरांश, वरच्या पट्ट्यात अजून फुललेला सापडतो. पण शाळांना सुट्टी लागल्यामुळे मनालीकडे जाणाऱ्या बस भरलेल्या असतात, आणि राखुंडीवर मेच्या सुरुवातीला बर्फ शिल्लक असू शकतं. दुपारनंतर गडगडाट होऊन गारा पडण्याचे प्रकारही याच दिवसांत. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आमच्या मते सर्वांत चांगला: हवा स्वच्छ, वाट कोरडी, डोंगर लांबवर दिसतात. फक्त कॅलेंडरमध्ये दसरा पाहा. कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. त्या आठवड्यात त्या बाजूच्या बस आणि खोल्या मिळणं कठीण. दिवाळीच्या सुट्टीत जाणारे पुणेकर पुष्कळ असतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर ठीक, नोव्हेंबरात आली तर शिल्टला रात्रीचा पारा शून्याखाली धरून तयारी करा.

आठ दिवस, पाच रजा

रविवारी सकाळच्या विमानाने पुण्याहून दिल्ली. संध्याकाळी काश्मीरी गेटच्या बस अड्ड्यावरून मनालीची रात्रीची बस. सोमवारी पहाटे किंवा सकाळी औटला उतरायचं, तिथून बंजारमार्गे साई रोपा, परवाना, आणि मुक्काम गुशैणीत. मंगळवारी रोला. बुधवारी तिथेच दुसरी रात्र. गुरुवारी शिल्ट. शुक्रवारी पहाटे राखुंडी, आणि परत थेट रोलाला उतरायचं. शनिवारी गुशैणी, औट, रात्रीची बस. रविवारी दिल्ली, संध्याकाळचं विमान, रात्री घर. सोमवार ते शुक्रवार अशा पाच रजांत हे बसतं.

शनिवारी निघून एक दिवस वाचवायचा मोह होतो. तसं केलं तर रविवारी परवान्याच्या दारात उभे राहाल. त्यापेक्षा शनिवार हाताशी असेल तर रेल्वेने जा. झेलम एक्सप्रेस पुण्यातूनच सुटते आणि नवी दिल्ली, अंबाला करत पुढे जम्मूकडे जाते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्यासाठी ते पहिल्याच दिवशी केलेलं बरं. परतीचं विमान मात्र रविवारी दुपारी तीनच्या आधीचं घेऊ नका. मंडीच्या पुढे एक दरड आली की रात्रीची बस चार-पाच तास सहज उशिरा पोहोचते.

बसमध्ये वाहकाला चढतानाच सांगून ठेवा: औट बोगद्याच्या आधी उतरवा. बंजारकडे जाणारा रस्ता लारजीच्या बाजूने बोगद्याच्या तोंडाजवळच फुटतो. झोपेत बोगदा पार झाला तर तीनेक किलोमीटर अंधारातून परत यावं लागतं, आणि बोगद्यातून चालत येणं धोक्याचं आहे. औटहून बंजार सुमारे ३० किलोमीटर, बंजारहून गुशैणी आणखी दहा. बठाडकडे जाणारी स्थानिक बस गुशैणीवरूनच जाते. रोख पैसे बंजारलाच काढून घ्या. वाट वळणावळणाची आहे. ज्यांना घाट लागतो त्यांनी उलटीची गोळी औटला उतरल्यावर नाही, बसमध्ये बसण्याआधी घ्यावी.

परवाना

तीर्थन खोऱ्यासाठी उद्यानाचं कार्यालय साई रोपाला आहे. मुख्य कार्यालय कुल्लूजवळ शमशीला. प्रत्येकाचं छायाचित्र असलेलं ओळखपत्र, त्याच्या दोन छायाप्रती, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि एका कागदावर गटाची माहिती: नावं, वयं, कुठल्या रात्री कुठे मुक्काम, घरच्या एका माणसाचा फोन. हा कागद पुण्यातच छापून न्या. शुल्क माणशी आणि दिवसावर असतं, कॅमेऱ्याचं आणि तंबूच्या जागेचं वेगळं लागू शकतं. दर बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात कार्यालयात फोन करून विचारा. त्याच फोनवर कार्यालय कुठल्या दिवशी बंद आहे तेही विचारून घ्या. दुसऱ्या शनिवारी किंवा स्थानिक सणाला कुलूप दिसलं तर अख्खा बेत एक दिवस सरकतो.

परवान्यावर एक रात्र जास्तीची लिहून घ्या. पावसाने अडकलात तर कागद संपलेला नसावा.

स्थानिक मार्गदर्शक घ्याच. आपल्याकडे किल्ल्याची वाट चुकली तर खाली वाडीतला दिवा दिसतो, कुणी गुराखी भेटतो. रोलाच्या वर तसं काही नाही, आणि उद्यानाच्या फाटकाच्या पुढे फोनला रेंज मिळेल असं धरूच नका. शिवाय उद्यान झाल्यावर खोऱ्यातल्या अनेकांचा चराईचा आणि जडीबुटीचा हक्क गेला. मार्गदर्शकाचा आणि भारवाहकाचा रोजगार हा त्यांच्या मिळकतीचा एक मार्ग आहे. भाव ठरवताना त्याचं जेवण कोण देणार, त्याचा तंबू कुणाचा आणि परतीचा दिवस मोजायचा की नाही, हे तीन प्रश्न आधी सोडवा. भांडणं याच तीन प्रश्नांवरून होतात. भारवाहकाच्या पाठीवर २० किलोच्या वर देऊ नका.

उंची: इथे घाई करायची नाही

पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. सिंहगडाचा माथा १,३०० च्या आसपास, आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६. म्हणजे गुशैणीत तुम्ही जेवायला बसता तेव्हाच कळसूबाईच्या उंचीला टेकलेले असता. सह्याद्रीत कितीही किल्ले केले असले तरी विरळ हवेचा अनुभव त्यातून मिळत नाही.

उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो. नियम झोपण्याच्या उंचीचा आहे, दिवसा कुठवर चढलात त्याचा नाही: ३,००० मीटरच्या पुढे रोजची झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये. रोला ते शिल्ट हा एका दिवसात हजार मीटरचा उडी-मुक्काम आहे आणि मध्ये तंबूला सोयीची जागा नाही. म्हणूनच वरच्या आखणीत बुधवार रोलातच ठेवला आहे. तो आळसाचा दिवस नव्हे. सकाळी शिल्टच्याच वाटेने २,६०० मीटरपर्यंत रिकाम्या पाठीने चढायचं, तासभर थांबायचं आणि खाली येऊन झोपायचं. बहुतेक जण हाच दिवस कापतात, मग गुरुवारी रात्री शिल्टला डोकं धरून बसतात आणि शुक्रवारी राखुंडी न बघताच उतरतात.

डोकेदुखी, त्यासोबत मळमळ, भूक मेलेली, झोप नाही: एवढं दिसलं की आणखी वर जायचं नाही. विश्रांतीने आणि पाण्याने उतार पडला नाही तर त्याच दिवशी रोलाला उतरायचं. चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उतरायचं, आजाऱ्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याची पिशवी दुसऱ्याने घ्यायची. डायमॉक्स म्हणून मिळणारी ॲसेटाझोलामाइडची गोळी सवंगड्याच्या सल्ल्याने नको. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही, म्हणून पुण्यातच डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि वर दारू नाही. त्याने झोपेतला श्वास मंदावतो, त्रास वाढतो.

सरावाला सहा आठवडे पुरतात. पहिले दोन आठवडे वेताळ टेकडी किंवा पर्वती, आठवड्यात चार दिवस, रिकाम्या पाठीने पण न थांबता. तिसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी आतकरवाडीहून सिंहगड, पाठीवर आधी सहा, मग नऊ, मग बारा किलो. पाण्याच्या बाटल्या भरून न्या. गुडघे कुरकुरले तर वर पाणी ओतून रिकाम्या बाटल्या घेऊन उतरता येतं. आतकरवाडीची चढण सहाशे मीटरची. रोला ते शिल्ट म्हणजे तीच चढण पावणेदोन वेळा, तीही विरळ हवेत. पाचव्या आठवड्यात एकाच सकाळी सिंहगड दोनदा चढून उतरा. तो उतार महत्त्वाचा आहे, कारण शुक्रवारी राखुंडीवरून रोलापर्यंत दीड हजार मीटर खाली यायचं असतं आणि मांड्या तिथे जातात, चढाला नाही. केटूएस, म्हणजे कात्रज ते सिंहगड, चांगलं, पण ते लांब पल्ल्याचं चालणं आहे; त्याने सलग चढाची सवय होत नाही.

तंबू आणि अंथरूण

पवना धरणाकाठी जे तंबू लावलेले दिसतात ते इथे आणू नका. एकाच कापडाचा तंबू आतल्या माणसांच्या श्वासाने पहाटेपर्यंत भिजतो; धरणाकाठी त्याचं काही वाटत नाही, सकाळी उन्हात सुकतो. रोला नदीलगत आहे, दरी खोल आहे, ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. तिथे ओलं झालेलं अंथरूण ओलंच राहतं. दुहेरी कापडाचा, बाहेरचं आवरण जमिनीपर्यंत येणारा, अॅल्युमिनियमच्या काठ्यांचा तंबू हवा. आवरणाची जलरोधकता २,००० मिलिमीटर आणि तळाची ३,००० असं लिहिलेलं पाहा. दोन माणसांच्या तंबूचं वजन अडीच ते पावणेतीन किलो भरतं.

घेतला असो की भाड्याने आणला असो, तो आधी सोसायटीच्या गच्चीवर लावा आणि दहा मिनिटं पाइपने पाणी मारा. शिवणीतून पाझरत असेल तर तिथे शिवण-सीलर लावून एक दिवस सुकवा. याच वेळी खुंट्या मोजा. भाड्याच्या तंबूत दोन-तीन खुंट्या हमखास कमी असतात, आणि गच्चीवर ते कळतच नाही कारण तिथे खुंट्या ठोकत नाहीत. चार जास्तीच्या खुंट्या आणि पाच मीटर पातळ दोरी बरोबर असू द्या.

रात्री हवा थंड म्हणून तंबूच्या सगळ्या झडपा बंद करणं ही नेहमीची चूक. वरच्या झडपा उघड्या ठेवा. हवा खेळली नाही तर आतल्या बाजूला दव धरतं आणि पहाटे तेच अंगावर ठिबकतं. तंबू नदीपासून किमान ६० मीटर लांब, थोड्या उंचवट्यावर लावा. वर कुठे पाऊस झाला की डोंगरी नदी रात्रीत चढते. देवदाराच्या सुकलेल्या फांदीखाली लावू नका.

झोपण्याच्या पिशवीवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं फक्त ‘कम्फर्ट’ वाचायचं. ‘लिमिट’ म्हणजे धडधाकट माणूस अंग आखडून कसाबसा रात्र काढेल ते, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल, झोपेचं बोलू नका. दुकानात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा पुष्कळदा हा तिसराच असतो. मे किंवा ऑक्टोबरात शिल्टसाठी कम्फर्ट ० अंश चालेल. नोव्हेंबरात उणे ५ घ्या. थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त जमीन अंगातली ऊब ओढून घेते, कारण पिशवीचा पाठीखालचा भाग वजनाने दबून चपटा होतो. म्हणून चटई महत्त्वाची. बंद पेशींच्या फोमच्या चटईचं उष्णतारोधन, म्हणजे आर-मूल्य, २ च्या आसपास असतं. अशा दोन एकावर एक टाकल्या की बेरीज होते आणि ४ पर्यंत जाता येतं. हवेच्या महागड्या गादीपेक्षा पहिल्या खेपेला हे बरं. फोमला भोक पडत नाही.

कपड्यांचं थोडक्यात. सुती बनियन आणि जीन्स घरी. आत घाम सुकवणारा टी-शर्ट, वर फ्लीस, त्यावर रात्रीसाठी भरलेलं जॅकेट, आणि सगळ्यावर शिवणी बंद केलेलं पावसाळी जॅकेट. प्लॅस्टिकचा पोंचो वाऱ्यात फाटतो. झोपायचे कपडे आणि एक मोज्यांची जोडी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत; त्या चालायला घालायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी.

गॅस, स्वयंपाक, डबा

गॅसचा डबा विमानात न्यायला बंदी आहे, हातातल्या सामानातही आणि खाली दिलेल्यातही. रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेणं हा कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा पुण्यातून फक्त बर्नर न्यायचा, धुऊन, गॅसचा वास नसलेला. डबे दिल्लीत किंवा कुल्लू-मनालीच्या ट्रेकिंगच्या दुकानात मिळतात. तुमच्या वाटेत कुल्लू येत नाही, म्हणून मार्गदर्शकाला आधी सांगून दोन डबे मागवून ठेवणं सगळ्यात सोपं. आट्यांचा की दाबून बसवायचा, हे त्याला बर्नरचा फोटो पाठवूनच सांगा. लायटर आणि काड्यापेटीही बंजारला घ्या. पॉवर बँक मात्र हातातल्याच पिशवीत. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची भरते, मर्यादा १०० ची आहे.

नुसत्या ब्युटेनचा डबा घेऊ नका. ब्युटेन शून्याच्या जवळ वायू व्हायचंच थांबवतं, डबा हलवला की द्रव वाजतं पण ज्योत येत नाही. प्रोपेन मिसळलेला हवा. तोही पहाटे रुसला तर डबा दहा मिनिटं जॅकेटच्या आत धरा. स्टोव्हच्या आचेवर डबा तापवणारे महाभाग असतात. त्यांना तंबूपासून लांब ठेवा. तंबूच्या आत स्टोव्ह कधीच नाही, पाऊस असला तरी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हिशोब असा: एक लिटर पाणी उकळायला १२ ते १५ ग्रॅम गॅस. दोन माणसांना दिवसाला चार लिटर गरम पाणी, शिवाय भात-खिचडीची मंद आच, म्हणजे ८० ग्रॅम. चार दिवसांचे ३२०. दोनशे तीस ग्रॅमचे दोन डबे घेतले की वारा आणि थंडीचा वाढीव खर्च धरूनही निभावतं. बर्नरभोवती पत्र्याचा आडोसा धरा, पण डब्याला पूर्ण वेढू नका, डबा तापतो.

तीनशे मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. शिल्टला पाणी ९० अंशांनाच उकळतं. तिथे तुरीची डाळ उघड्या भांड्यात शिजत नाही, ती घरीच ठेवा. मुगाची किंवा मसुराची, आणि तीही दुपारीच भिजत घातलेली. खिचडीला माणशी ७० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मुगडाळ. पुण्यातच तांदूळ-डाळ भाजून, हळद, मीठ, गोडा मसाला मिसळून एका जेवणाची एक पिशवी करून ठेवा. तूप छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत, रोज माणशी ३० ग्रॅम. थंडीत थोड्या वजनात इतके उष्मांक देणारे पदार्थ थोडेच. चार माणसं असतील तर दीड-दोन लिटरचा छोटा कुकर एक किलो वजन वसूल करतो, दोघांसाठी नाही.

न्याहारीला पातळ पोहे नकोत, प्रवासात त्यांचा भुगा होतो. जाडे पोहे माणशी ७० ग्रॅम, गरम पाण्यात फुलतात, गॅस लागत नाही म्हटलं तरी चालेल. एक दिवस भाजलेल्या रव्याचा उपमा, एक दिवस मेतकूट-भात. दुपारी चूल मांडायची नाही: दशम्या पहिले तीन दिवस टिकतात, नंतर खाकरा, बरोबर शेंगदाण्याची चटणी. वाटेत राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू, खजूर. सगळं मिळून कोरड्या जिनसा माणशी दिवसाला साडेसहाशे ग्रॅम, म्हणजे साधारण २,८०० उष्मांक. बाकरवडी न्या, पण ती औटपर्यंतच्या प्रवासात धरा. पुढच्या हिशोबात तिचा भरवसा नाही. वर भूक कमी लागते, म्हणून दोन पदार्थ आंबट-तिखट असावेत: लिंबाचं लोणचं आणि सार करायला आमसुलं.

शेकोटी नाही. मे महिन्यात झाडाखालचा पाचोळा आणि सुया इतक्या कोरड्या असतात की एक ठिणगी पुरते.

पाणी नदीचं असो की झऱ्याचं, वर गुरं-मेंढ्या आणि जंगली जनावरं असतात, तेव्हा उकळून किंवा गाळून. क्लोरीनची गोळी थंड पाण्यात हळू काम करते. डब्यावर अर्धा तास लिहिलं असेल तर एक तास धरा. गुरुवारी रोला सोडताना माणशी तीन लिटर भरून घ्या, शिल्टच्या चढावर पाण्याचा भरवसा धरू नये.

शौचाला पाण्यापासून आणि तंबूपासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा. बागेतलं छोटं खुरपं त्यासाठी न्या. ओले टिश्यू पुरायचे नाहीत, पिशवीत परत. वाटेकडेला बिच्छू बूटी नावाची खाजरी असते, काटेरी लव असलेल्या पानांची; बसण्याआधी बघून बसा.

उद्यानात काळं अस्वल आहे आणि ऑक्टोबरात ते थंडीपूर्वीची चरबी साठवायला भरपूर खात असतं. खाणं, टूथपेस्ट, सुगंधी साबण तंबूत ठेवायचे नाहीत. सगळं एका पिशवीत बांधून झाडाच्या फांदीला, जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर लांब टांगायचं. रोलाला वनखात्याची झोपडी आहे, मार्गदर्शक तिथे ठेवू म्हणाला तर आणखी बरं. पहाटे वाट चालताना बोलत चाला. जुजुराणा पाहायचा असेल तर मात्र उलट: हा हिमाचलाचा राज्यपक्षी लाजरा, झुडपांच्या दाटीत राहणारा. तो दिसायला पहाटे गप्प, मार्गदर्शकाच्या मागे आणि नशीब. मोनाल त्या मानाने सहज दिसतो.

वजन

तंबूचा अर्धा वाटा १.३ किलो, झोपण्याची पिशवी दीड, दोन चटया अर्धा, कपडे २.२, खाणं ३, स्टोव्ह-गॅस-भांड्यांचा वाटा ०.९, पाणी २, पावसाळी ०.५, औषधं-टॉर्च-पॉवर बँक ०.८ आणि ५५-६० लिटरची पिशवी स्वतः १.८. बेरीज साडेचौदा. ६५ किलोच्या माणसाला ही वरची मर्यादा. विमानात बहुतेक तिकिटांवर १५ किलो सामान चालतं, आणि पाणी-गॅस वजा जाता तुम्ही त्यात बसता. चालायच्या काठ्या आणि तंबूच्या खुंट्या खाली द्यायच्या सामानात.

बेरीज सोळाच्या वर गेली तर कपडे काढा, खाणं काढू नका. तरीही जास्त वाटलं तर भारवाहक ठरवा. पहिल्या खेपेला त्यात कमीपणा काही नाही.

शनिवारी गुशैणीत उतरलात की तंबू दोरीवर पसरून तासभर तरी सुकवा, नाहीतर पुण्यात पिशवी उघडेपर्यंत बुरशी धरते. कचरा बंजारपर्यंत खाली आणा. अर्धा राहिलेला गॅसचा डबा परत विमानात नेता येत नाही. तो मार्गदर्शकाकडे द्या, पुढच्या गटाला उपयोगी पडतो. साई रोपावरून जाताना परतल्याची नोंद करा, आणि घरच्या ज्या माणसाचा फोन कागदावर लिहिला होता त्याला औटला पोहोचण्याआधी, जिथे पहिली रेंज येईल तिथूनच, कळवा.